माथ्याची शिलावती आणि भूमी कापणारी तलवार

एका राज्यात वर डोंगर होते, खाली खोरे होते, आणि दोहोंवर एकच छत्र होते. डोंगराळ मुलखाला लोक माथा म्हणत. माथ्यावर नाचणी पिके, मध मिळे, आणि नदी तिथेच उगम पावे. खोऱ्यात भात पिके, बाजार भरे, आणि राजधानीही तिथेच होती. छत्र खोऱ्यातल्या राजाचे होते.

त्या राज्याला एक शाप होता. राजाच्या एका पूर्वजाने माथ्याच्या सरदारांना मेजवानीला बोलावले, पंगतीत त्यांची शस्त्रे काढून घेतली, आणि माथ्याच्या देवीच्या कपाळावरचा नादमणी, म्हणजे माथ्याच्या भूमीची खूण, आणून आपल्या सिंहासनात बसवला. तेव्हा देवीचा म्हातारा पुजारी म्हणाला, "ज्याच्या हाती दुसऱ्याची भूमी, त्याच्या कानी त्या दुसऱ्याची वाणी पोहोचणार नाही." एवढे बोलून तो मेला. तेव्हापासून असे होई की बाजारात, शेतात, लग्नकार्यात दोन्हीकडची माणसे एकमेकांशी नीट बोलत. पण माथ्याचा माणूस दरबारात उभा राहून गाऱ्हाणे मांडू लागला की राजाला आणि दरबाऱ्यांना नुसता वारा ऐकू येई. माणसाचे ओठ हलताना दिसत, पडदे फडफडल्यासारखे वाटत, आणि कोणीतरी उठून खिडक्या लावून घेई. राजाचे बोलणे मात्र माथ्यावर स्पष्ट ऐकू येई. हुकूम तर फारच स्पष्ट ऐकू येत.

सुकेतू नावाचा राजा गादीवर होता तेव्हाची ही गोष्ट. खोऱ्यात तहान वाढली म्हणून सुकेतूने माथ्यावरच्या घळीत नदीला मोठा बांध घातला. पाणी चढू लागले आणि माथ्यावरची गावे बुडू लागली. माथ्याचा अधिपती वीरमल दरबारात गेला. तो बोलत राहिला आणि वारा वाहत राहिला. शेवटी वीरमल पुढे झाला आणि त्याने राजाच्या शेल्याचे टोक धरले. पहारेकऱ्यांना वाटले, हा घात करतो आहे. त्यांनी भाले चालवले.

वीरमलचे शव माथ्यावर आले. त्याच्यामागून एक धनेश पक्षी उडत आला. तो दरबाराच्या खिडकीबाहेरच्या उंबरावर राहत असे. त्या राज्यात धनेश माणसासारखे बोलत, पण विचारल्याशिवाय बोलत नसत आणि विचारल्यावर खोटे बोलत नसत. म्हणून त्यांना कोणी पाळत नसे, आणि दरबारात तर त्यांना मज्जावच होता.

वीरमलला माथ्यावरच्या मोठ्या तळ्याच्या पूर्वेच्या कडेला अग्नी दिला आणि तिथेच त्याच्या नावाचा दगड उभा केला. मग माथ्याच्या लोकांनी त्याच्या बहिणीला, शिलावतीला, गादीवर बसवले. शिलावती चाळिशीची होती, कमी बोलणारी होती, आणि भावाच्या चितेपाशी ती रडली नव्हती. सभेत ती एवढेच म्हणाली, "आता या छत्राखाली राहणे नाही."

सभा म्हणाली, "नाही."

माथ्याचा सेनानी भैरमल म्हणाला, "बाईसाहेब, राजाची फौज खिंडीत बसली आहे. आपले भाले थोडे आहेत. महाकंकाकडे चला."

महाकंक नावाचा मांत्रिक डोंगराच्या कपारीत राहत असे. शिलावती आणि भैरमल तिथे पोहोचले तेव्हा महाकंक उन्हात बसला होता आणि त्याची सावली त्याच्यापासून वेगळी बसून भाकरी थापत होती.

"सावली वेगळी कशी?" भैरमलने विचारले.

"तिला माझ्या मागे मागे फिरायचा कंटाळा आला," महाकंक म्हणाला. "आता शेजारी राहते. भाकरी चांगली करते. तुमचे काम बोला."

शिलावतीने काम सांगितले. महाकंक म्हणाला, "भूछेद नावाची तलवार आहे. ती जमिनीवर जिथे टेकवून ओढाल तिथे भूमी फाटते, आणि मधे असा खोल कडा पडतो की फौज काय, शेळीही पलीकडे जात नाही. ती तुला मिळेल. पण तीन कामे कर. पहिले, तलवार ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घेऊन ये. दुसरे, माथ्यावरच्या प्रत्येक चुलीतला निखारा गोळा कर. पण तो घरच्या माणसाने मनापासून दिलेला हवा. मनाविरुद्धचा निखारा मडक्यात विझेल. तिसरे, राजाला तुझे म्हणणे ऐकव."

"राजाला ऐकू येत नाही."

"म्हणून तर ते काम आहे."

"तलवार हाती आल्यावर बाकीची कामे न करता चालवली तर?"

"तलवारीला त्यातले काही कळत नाही," महाकंक म्हणाला. "ती चालेल."

सावलीने उठून शिलावतीला एक मडके दिले. त्या मडक्यात कितीही घातले तरी ते भरत नसे. धनेश मडक्याच्या काठावर येऊन बसला आणि तिघे निघाले.

तलवार एकवीर नावाच्या राजाकडे होती. त्याचे राज्य शोधायला वेळ लागला, कारण ते फार लहान होते. धुक्याने भरलेल्या एका प्रचंड खोल दरीत, काठापासून झाडभर अंतरावर, दगडाचा एक उंच सुळका उभा होता. सुळक्याचा माथा जेवणाच्या ताटाएवढा होता. त्यावर एक म्हातारा मुकुट घालून एका पायावर उभा होता. त्याच्या हातात तलवार होती.

शिलावतीने दरीच्या काठावरून हाक मारली, "महाराज, आपले राज्य एवढे लहान कसे?"

एकवीर म्हणाला, "पूर्वी मोठे होते. वरचा सम्राट आमचे ऐकत नसे, म्हणून मी पहिला घाव घातला. आम्ही स्वतंत्र झालो. फार आनंद झाला. मग नदीपलीकडचे लोक म्हणू लागले की मी त्यांचे ऐकत नाही. मी दुसरा घाव घातला. मग माझा भाऊ उरला. त्याचे मत वेगळे पडले. मग राणीचे पडले. आता इथे सगळे एकमताने चालते."

"आता आपल्यावर अन्याय करणारे कोणी उरले नाही?"

एकवीरने बराच विचार केला. "डावा पाय," तो म्हणाला. "मी त्याला खाली टेकू देत नाही असे त्याचे म्हणणे आहे. पण दोन्ही पायांना जागा पुरत नाही."

असे म्हणून त्याने तलवारीकडे पाहिले, मग डाव्या पायाकडे पाहिले. शिलावती काठावर पुढे झाली. ती घाईने म्हणाली, "महाराज, थांबा. तलवार मला द्या. आम्ही काठावरचा साग पाडून पूल करतो. त्यावरून इकडे या आणि दोन्ही पायांवर उभे राहा."

"तुझ्या राज्यात? तिथे माझे मत कोण विचारणार?"

"मी विचारीन."

"आणि पटले नाही तर?"

"तर पटले नाही म्हणून सांगेन. पण जागा काढून घेणार नाही."

एकवीर पुन्हा विचारात पडला. सूर्य दरीवर आला, ढळला. भैरमलने तोवर सागाला कुऱ्हाड लावली. झाड आडवे पडले, त्याचा शेंडा सुळक्याला टेकला. एकवीर खोडावर बसून, दोन्ही हातांनी धरत, इंच इंच सरकत अलीकडे आला. काठावर पाय ठेवताच त्याने तलवार शिलावतीच्या हाती दिली, झाडाच्या मुळापाशी आडवा झाला आणि झोपला. पाय लांब करून झोपणे तो विसरून गेला होता. भैरमलने आपली घोंगडी त्याच्यावर घातली आणि ते पुढे निघाले.

आता दुसरे काम. शिलावती मडके घेऊन माथ्यावरच्या गावागावांत फिरली. लोक आपणहून दाराशी आले. ज्यांची घरे पाण्यात गेली होती त्यांनी झाडाखालच्या तीन दगडांच्या चुलीतले निखारे दिले, आणि ते सर्वांत लाल होते. एकच शेतकरी निखारा चिमट्यात धरून उभा राहिला.

"बाईसाहेब, देतो," तो म्हणाला. "पण माझी लेक खोऱ्यात दिली आहे. भूमी फाटली म्हणजे तिने माहेरी यायचे कुठून?"

शिलावतीने मडके पुढे धरले. शेतकऱ्याने निखारा दिला. तो विझला नाही, पण धुमसत राहिला, आणि त्याचा धूर वाटभर तिच्या डोळ्यांत गेला.

शेवटी ती मोठ्या तळ्यापाशी आली. तळ्याकाठी पाणथर नावाची वस्ती होती. तिथले लोक पिढ्यांमागे खोऱ्यातून वर आलेले. ते होड्या करत, मासे धरत, आणि घरात खोऱ्याची बोली बोलत. त्यांचा प्रमुख सारंग नाईक दारात उभा राहिला. तो हात जोडून बोलू लागला.

शिलावतीला फक्त पाणी ऐकू आले.

तिने कान टवकारले. नाईकाचे ओठ हलत होते. काठावर लाटा आपटाव्या तसा आवाज येत होता, दुसरे काही नाही. तिने भैरमलकडे पाहिले. भैरमल तळ्याकडे पाहत म्हणाला, "आज पाण्याला फार जोर आहे. चला, निखारा घेऊन निघू."

शिलावतीला पुजाऱ्याचा शाप आठवला. पण तिला घाई होती, आणि तलवार कमरेला होती. ती म्हणाली, "घे."

भैरमल नाईकाच्या घरात शिरला, चुलीतला निखारा उचलला आणि मडक्यात टाकला. निखारा जागीच काळा पडला. मग शेजारचा काळा पडला, मग त्याच्या शेजारचा. शिलावतीने हात घालून तो विझलेला कोळसा बाहेर फेकला, तेव्हा कुठे बाकीचे वाचले. तिची बोटे भाजली. नाईकाची माणसे दारादारांत उभी राहून पाहत होती. कोणी काही बोलले नाही, किंवा बोलले असेल. पाण्याचा आवाज येत होता.

भैरमल हलक्या आवाजात म्हणाला, "बाईसाहेब, ही माणसे खोऱ्याचीच. तळ्याच्या या कडेने तलवार ओढा आणि यांना त्यांच्या राजाकडे ढकलून द्या. कटकट मिटली."

शिलावतीने तलवार उपसली. तिने टोक जमिनीला लावलेसुद्धा. टोकाखालची माती भाकरीच्या पापुद्र्यासारखी उचलली जाऊ लागली. मग तिने तलवार उचलून पुन्हा म्यानात घातली आणि धनेशाला विचारले, "नाईक काय म्हणतो आहे?"

धनेश म्हणाला, "नाईक म्हणतो, तळ्याची पूर्वेची कड आमच्या वाडवडिलांची. होड्या ओढायला तेवढी एकच उताराची जागा. तुमच्या आजोबांनी ती घेतली. देवळात आमच्या बोलीत नवस बोलला तर पुजारी बाहेर काढतात. गाऱ्हाणे घेऊन आम्ही तुमच्या भावाकडे गेलो होतो. त्याने ऐकले नाही. तो म्हणाला, आज पाण्याला फार जोर आहे, आणि त्याने खिडकी लावून घेतली."

"वीरमलने?"

"वीरमलने," धनेश म्हणाला.

शिलावती तिथेच काठावर बसली. भैरमलला वाटले, ती बोटे पाण्यात बुडवते आहे. पण ती नुसती बसली होती. पूर्वेच्या कडेवर तिच्या भावाचा दगड दिसत होता. त्याला घातलेली रानफुलांची माळ सुकली होती.

ती उठली आणि नाईकासमोर येऊन म्हणाली, "पूर्वेची कड तुमची. ती आम्ही बळाने घेतली होती. माझ्या भावाचा दगड तिथे आहे. ठेवायचा की काढायचा हे तुम्ही ठरवा. मी काही म्हणणार नाही."

पाण्याचा आवाज थांबला. सारंग नाईकाचा आवाज घोगरा होता. शिलावतीने त्याचे पहिले शब्द ऐकले ते असे होते: "बसा बाईसाहेब. भात होतच आला आहे. हाताला तूप लावा आधी."

जेवताना ती म्हणाली, "निखारा मागायला आले होते. आधी विचारायला हवे होते."

"विचारलेत, तर आता ठरवू," नाईक म्हणाला.

पाणथरच्या लोकांनी होड्या उलट्या घालून त्यांवर बसून खल केला. काही म्हणाले, खोऱ्याची बोली आपली, खोऱ्याचाच राजा बरा. काही म्हणाले, त्या राजाने आजवर आपल्याला कधी विचारले? एक म्हातारी म्हणाली, पाणी इथले आहे, आणि मी इथलीच आहे, बोली कुठलीही असो. पुष्कळ वाद झाला. शेवटी नाईक शिलावतीकडे आला.

"निखारा देतो," तो म्हणाला. "एक अट. जे तुम्ही राजाजवळ मागता तेच उद्या आम्ही तुमच्याजवळ मागितले, तर तुम्ही तलवार काढायची नाही आणि फौज पाठवायची नाही. बसून बोलायचे. बोलून नाही पटले, तर जाऊ द्यायचे."

भैरमल उसळून म्हणाला, "बाईसाहेब, अशाने प्रत्येक वाडी उठेल. मग आपल्याजवळ राहील काय?"

शिलावती म्हणाली, "जे आपणहून राहील ते."

तिने अट मान्य केली. सारंग नाईकाने पाणथरच्या घरोघरचे निखारे आणले आणि मडक्यात ठेवले. ते लाल राहिले. वीरमलचा दगड नाईकाने काढला नाही. होड्या ओढायच्या वाटेतून तो थोडा बाजूला सरकवला, एवढेच.

तिसरे काम उरले. शिलावती एकटी खिंड उतरली. फौजेने तिला अडवले नाही, कारण एका हातात विस्तवाचे मडके, कमरेला तलवार आणि खांद्यावर धनेश अशी बाई खिंडीतून उतरताना त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती, आणि तिला काय म्हणावे ते त्यांना सुचले नाही. ती दरबारात गेली. राजा सुकेतू सिंहासनावर होता. बाजूला प्रधान भानुदत्त उभा होता. शिलावतीने मडके खाली ठेवले आणि ती बोलू लागली. पडदे फडफडले. एक दरबारी उठून खिडकीकडे गेला.

"खिडकी राहू द्या," धनेश म्हणाला. "ती बोलते आहे. ती म्हणते, माथ्याला तुमच्या छत्रातून मोकळे व्हायचे आहे. हे प्रत्येक घरचे निखारे आहेत. यांतला एकही जबरीचा नाही."

"या पक्ष्याला बाहेर काढा," भानुदत्त म्हणाला.

राजा म्हणाला, "थांबा प्रधानजी. धनेश खोटे बोलत नाहीत. म्हणून तर त्यांना मनाई आहे." मग तो शिलावतीकडे वळला. "ऐक. आज माथा गेला तर उद्या समुद्राकडचे बंदर जाईल, परवा मिठागरे जातील. मग राज्य कशाला म्हणायचे? नदी तुझ्याकडे उगम पावते. तू पाणी तोडलेस तर खोऱ्यातली पोरे तहानेने मरतील. त्यांचा राजा मी आहे. आणि माथ्यावर माझ्या बोलीची माणसे आहेत. त्यांना मी तुझ्या हाती कसे देऊ?"

शिलावती बोलली आणि धनेशाने सांगितले. "ती म्हणते, तुमच्या बोलीच्या माणसांना आम्ही छळले होते. आता नाही. त्यांनी निखारा दिला आहे, आणि नको वाटेल तेव्हा परत घेण्याचा हक्कही ठेवला आहे. पाण्याचे म्हणाल तर देवीसमोर शपथ घेऊ, की खोरे तहानलेले ठेवून आम्ही पिणार नाही. बंदर जाईल की नाही ते ती सांगू शकत नाही. ते तुम्ही बंदराला काय देता त्यावर आहे."

दरबारात कुजबूज झाली. राजाची नजर शिलावतीच्या कमरेकडे गेली.

"ती भूछेद आहे ना? आमच्या जुन्या बखरींत तिचे चित्र आहे. ती हाती असताना तू मला विचारतेस कशाला?"

धनेशाने उत्तर सांगितले, "ती म्हणते, तलवारीने तुटेल. माथ्याला सुटायचे आहे, आणि सुटायला तुम्हाला सोडावे लागते."

राजाने तलवारीवरून नजर काढली. त्याने धनेशाला विचारले, "वीरमल मारला गेला तेव्हा तू खिडकीबाहेर होतास?"

"होतो."

"तो काय बोलत होता?"

हे धनेशाला आजवर कोणी विचारले नव्हते. शिलावतीनेही विचारले नव्हते. भाऊ काय बोलला असेल ते तिने मनाशी ठरवून टाकले होते. धनेशाने मान वर केली आणि वीरमलच्या आवाजात बोलू लागला.

"महाराज, बांध घालू नका असे मी म्हणत नाही. खोऱ्याला तहान आहे हे आम्हाला दिसते. पण पाणी फार लवकर चढते आहे. आमचे देव अजून देवळांत आहेत, आमच्या म्हाताऱ्या घरांत आहेत. थोडे दिवस बांधाची दारे उघडी ठेवा. माणसे आणि बैल द्या, म्हणजे सगळ्यांना वर काढता येईल. महाराज, इकडे बघा. मी तुमचाच माणूस आहे. इकडे बघा महाराज."

धनेश थांबला.

सुकेतू सिंहासनावरून उतरला. त्याने कट्यार काढली आणि सिंहासनाच्या पाठीतला नादमणी उकरू लागला. भानुदत्त धावला. "महाराज, मणी निघाला तर सिंहासन डळमळेल!"

"डळमळू दे," राजा म्हणाला.

मणी निघाला. तो सुपारीएवढा होता आणि आतून मधमाश्यांसारखा गुणगुणत होता. राजाने तो शिलावतीच्या भाजलेल्या हातावर ठेवला. त्याच क्षणी माथ्याच्या माणसाचा आवाज सुकेतूच्या कानी पहिल्यांदा पडला. तो शब्द नव्हता. शिलावती रडत होती. चितेपाशी जे रडायचे राहिले होते ते ती आता, भर दरबारात, मोठ्याने रडत होती, आणि खोऱ्याच्या दरबाऱ्यांना ते ऐकू येत होते. पुष्कळांनी माना खाली घातल्या.

ती शांत झाल्यावर राजा म्हणाला, "आता ऐकू येते. शिलावतीबाई, तुमच्या भावाचा मी अपराधी आहे. आता तरी राहाल का?"

त्याने प्रथमच 'तुम्ही' म्हटले होते. शिलावतीने डोळे पुसले. "महाराज, हे मला एकटीला विचारू नका. मी म्हणजे माथा नव्हे."

म्हणून माथ्यावर पुन्हा सभा भरली. एकवीरही आला होता, आणि शिलावतीने त्याचेही मत विचारले. सुकेतूला तिथे उभे राहून बोलू दिले. त्याने मोडकेतोडके का होईना, पण मनापासून सांगितले, की बुडालेली गावे नवी वसवून देतो, दरबारात माथ्याला जागा देतो, राहा. लोकांनी ऐकून घेतले. काहींना ते पटले. ज्या शेतकऱ्याची लेक खोऱ्यात होती तो म्हणाला, राहू या. बुडालेल्या गावची एक बाई म्हणाली, "महाराज, आपण आता ऐकता, हे खरे. पण आपल्या नातवाला ऐकू येईल की नाही हे आपल्यालाही ठाऊक नाही. आमचे दार आमच्या हाती असू द्या." मग हात वर झाले. वेगळे होण्याच्या बाजूचे हात पुष्कळ होते. विरुद्ध बाजूचेही बरेच होते, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून कोणी काही बोलले नाही.

राजा म्हणाला, "जा. सुखाने राहा." फौज खिंडीतून खाली उतरली. तिच्या जागी एक साधे दार बसले, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी दिवसभर उघडे. त्या शेतकऱ्याची लेक त्याच दाराने माहेरपणाला आली. पाणथरचे लोक माथ्याबरोबर राहिले. "सध्या," असे सारंग नाईक म्हणे, आणि शिलावती त्यावर रागवत नसे. भैरमल कधी कधी रागवे. खोऱ्यात सिंहासनाच्या पायाखाली लाकडाची पाचर ठोकली, आणि ते डळमळायचे थांबले.

शिलावती तलवार परत द्यायला कपारीत गेली. महाकंकाने पाते निरखून पाहिले. टोकाला तळ्याकाठची थोडी माती चिकटली होती.

"एकदा टेकवली होतीस," तो म्हणाला.

"हो."

"तिसरे काम झाले म्हणजे तलवार लागत नाही. पण हे आधी सांगितले तर पहिलेच काम कोणी करत नाही," असे म्हणून त्याने तलवार झऱ्यात टाकली. ती पाणी होऊन वाहून गेली.

पुढे काही वर्षांनी खोऱ्यात पाऊस पडला नाही. मिठागरे पांढरी राहिली, भातशेते भेगाळली. सुकेतू राजा, आता केस पिकलेला, धापा टाकत घाट चढून खिंडीच्या दाराशी आला. त्याचे पूर्वज या वाटेने कोणाला न विचारता जात असत. दारावरच्या बाईने विचारले, "कोण आपण? काय काम?"

"खोऱ्याचा सुकेतू. पाणी मागायला आलो आहे."

"सावलीत बसा. निरोप पाठवते."

राजा दगडावर बसून राहिला. वर बांध माथ्याच्या ताब्यात होता आणि त्याची दारे शिलावतीच्या शब्दाने उघडत. देवीसमोरची शपथ होती, पण यंदा माथ्यावरही पाणी बेताचेच होते. तिला येताना पाहून राजा उठला. त्याने आयुष्यात कोणापुढे पाण्यासाठी हात पसरला नव्हता, त्यामुळे त्याला सुरुवात कशी करावी कळेना. मग तो बोलू लागला. शिलावती मान कलती करून उभी होती. कुठेही वारा नव्हता, पाणी आपटत नव्हते. त्याचा प्रत्येक शब्द तिला ऐकू आला.

त्या रात्रीपासून बांधाची दारे थोडी थोडी उघडू लागली, आणि पाणी खाली जाऊ लागले.

ज्यांचे होते त्यांना परत मिळाले, जे बोलले त्यांना ऐकणारे मिळाले. तसे कान तुम्हाआम्हाला मिळोत.